जावई फितवण्याचा मोसम

रविवार, ३ जून. संध्याकाळ.

जेवताना बायकोने, डोरीनने, बातमी फोडली. पोरं, म्हणजे लेक टेसा आणि जावई वेस, अमेरिकेत नेब्रास्काला जायचं म्हणतायत. नोकरीची ऑफर आलीय, ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

मी काटा खाली ठेवला. म्हटलं, वाटलंच होतं. टेसाने नेब्रास्काचा नवरा केला त्याच दिवशी वाटलं होतं. डोरीन म्हणाली, अरे पण लॉर्न, आधी नीट ऐकून तर घे. मी ऐकून घेतलं नाही. गॅरेजमध्ये गेलो. तिथे मला विचार नीट करता येतो.

विचार केला. वेस घरात बसून लॅपटॉपवर काम करतो. ते जगात कुठूनही करता येतं असं तो स्वतःच सांगतो. मग नेब्रास्काच कशाला? कारण एकच. फुटबॉल. तिकडे शनिवारी अख्खं राज्य लाल शर्ट घालून स्टेडियमात बसतं. इथे कॅनडात, रेजायनात त्याला करमत नाही. लग्नात म्हणाला होता, तुमचा तो खेळ छान आहे हो, पण त्याला फुटबॉल म्हणायचं का? माझ्या तोंडावर. माझ्याच पैशाचा केक खात.

म्हणजे त्याला आमचा खेळ आवडला की तो इथे राहील. तो राहिला की टेसा राहील. इतकं सोपं आहे. आयुष्यभर गारपिटीचे पंचनामे केलेत मी. नुकसान नेमकं कुठून सुरू झालं ते शेतात पाय ठेवताच ओळखतो.

मंगळवार, ५ जून.

योजना तयार. अमेरिकन फुटबॉल सप्टेंबरपर्यंत बंद. आपला कॅनडाचा याच महिन्यात सुरू. म्हणजे वेस आत्ता उपाशी आहे. उपाशी माणसाला वाढायचं, बस्स. तो समोर येईल ते खाईल.

माझ्या शेजारच्या सीटचं सीझन तिकीट काढून दिलं. ती पूर्वी डोरीनची होती. मी सामना बघताना बोलतो म्हणून तिने ती सोडली. वेसने तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि थँक्यू म्हणाला. त्या थँक्यूमध्ये मला बराच ओलावा जाणवला.

डोरीन म्हणाली, तू टेसाशी एकदा बोल. म्हटलं, टेसाशी कशाला? ती आपलीच आहे.

शुक्रवार, १५ जून.

पहिला सामना. वेसला सगळं सविस्तर समजावलं. तुमच्याकडे दहा यार्ड जायला चार संधी, म्हणजे चार डाऊन, आमच्याकडे तीन. तुमचे अकरा गडी, आमचे बारा. आमचं मैदान लांब, रुंद. म्हणून आमच्याकडे बॉल हवेतून जास्त जातो, रांगत कमी. हे मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तो हॉटडॉगला मोहरी लावत होता.

त्याने विचारलं, हे मैदान आहे की धावपट्टी? मग विचारलं, गोलचा खांब असा मैदानात मधेच का रोवलाय, कुणी आपटत नाही का? मी म्हटलं, छे, खेळाडूंना सवय असते. नेमका तेव्हाच आमचा एक हिरव्या शर्टातला गडी खांबावर जाऊन आदळला. वेसने हॉटडॉग तोंडापुढे धरला. पण त्याचे खांदे हलत होते.

मागच्या रांगेतला पोइट्रास म्हणाला, लॉर्न, पोराला सामना बघू दे की. या पोइट्रासला काय कळतंय. तो फक्त ओरडायला येतो.

डास फार. हरलो. पण सुरुवात उत्तम झाली.

बुधवार, २० जून.

आज वेगळी पद्धत वापरली. पोरं जेवायला आली होती. डोरीनने पिरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, केल्या होत्या. मी बारा पिरोगी टेबलावर मांडल्या. हा आपला डिफेन्स. समोर बारा मशरूम. बॉल म्हणून एक ऑलिव्ह. तुमच्याकडे बॉल सुटेपर्यंत एकच गडी हलू शकतो. आमच्याकडे मागचे सगळे आधीपासून पळत सुटतात, बॉल सुटतो तेव्हा ते भरधाव असतात. यात किती मजा आहे!

मशरूम पळवत पळवत मी मिठापर्यंत नेली. मान वर करून पाहतो तर वेस चावत होता. म्हणाला, सॉरी लॉर्न, तुमचा डिफेन्स खाल्ला मी. फार चविष्ट होता.

टेसा तिच्या गुरांच्या दवाखान्यातलं काहीतरी सांगत होती. एका गाईचं पोट फिरलं होतं, हिने उभ्या गाईला चिरून ते जागेवर बसवलं, असं काहीसं. जेवताना हे विषय नकोत असं मी सांगितलं. डोरीनने माझ्याकडे रोखून पाहिलं. का ते कळलं नाही.

शनिवार, ७ जुलै.

आजचा दिवस काळा.

सामना बरोबरीत, शेवटचे काही सेकंद. आमच्या गड्याने लाथ मारली, बॉल खांबांच्या मधून जायचा तो बाजूने गेला आणि पार मागच्या रेषेपलीकडे बाहेर. नियमाप्रमाणे आम्हाला एक गुण. त्या एका गुणाने आम्ही जिंकलो. सगळं स्टेडियम उभं. मी पोइट्रासला मिठी मारली. वळून पाहतो तर वेस खुर्चीत दुमडलेला, नाकातून बिअर येतेय. मला वाटलं फिट आली. हसत होता! म्हणाला, लॉर्न, तो चुकला! नेम चुकला त्याचा! तुम्ही लोक चुकल्याचे गुण देता?

मी म्हटलं, चुकला तरी लांब चुकला, त्या लांबीचा गुण आहे. हे ऐकून तो आणखी हसला. पार्किंगपर्यंत हसत होता. गाडीत बसून टेसाला फोन लावून सांगत होता. तीही हसली. पोटची पोर.

मंगळवार, १० जुलै.

वेसशी बोलणं बंद ठेवलंय. त्याला ते कळलेलं नाही, कारण एरवीही तो मंगळवारी भेटत नाही.

गुरुवार, १९ जुलै. सकाळी.

संकल्प: आजच्या सामन्यात एक शब्द बोलायचा नाही. खेळ स्वतःच बोलेल.

त्याच दिवशी, नंतर.

पहिल्या क्वार्टरपर्यंत पाळला. मग पंटचा, म्हणजे लाथ मारून बॉल दूर धाडायचा प्रसंग आला. आमच्याकडे बॉल झेलणाऱ्याभोवती पाच यार्ड मोकळे सोडावे लागतात, आणि तुमच्यासारखा हात वर करून सुटका मागायची सोय नाही, त्याला पळावंच लागतं. हे सांगितल्याशिवाय कळणार कसं? सांगितलं. मग सांगतच गेलो. पोइट्रासने मागून पॉपकॉर्न फेकले.

परतताना वेस म्हणाला, लॉर्न, खरं सांगू? सामना दिसतच नाही मला. सामना आणि मी यांच्यामध्ये तुम्ही असता.

याचा अर्थ त्याला सामना बघायची ओढ लागलीय. प्रगती आहे.

शनिवार, ४ ऑगस्ट.

काल दुपारी मेलव्हिलच्या बाजूला लिंबाएवढ्या गारा पडल्या. आज सामना, आणि मला पंचनाम्याला जावं लागलं. सबंध दिवस मोडलेल्या कनोलाच्या पिकात उभा. डोक्यात एकच विचार, वेस एकटा बसलाय, त्याला कोण समजावणार? शेतमालकाने विचारलं, किती नुकसान धरताय? मी म्हटलं, तिसऱ्या डाऊनला लाथच मारायची असते. तो बायकोला हाक मारायला गेला.

गाडीचा रेडिओही लागेना. योजनेचं वाटोळं झालं.

रविवार, ५ ऑगस्ट.

सकाळीच फोन. आधी वाटलं कुणीतरी खोडी काढतंय, नुसती घरघर. वेस होता. आवाज बसलेला. ओरडून ओरडून!

म्हणाला, लॉर्न, काय चुकवलंत तुम्ही! शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा आपण तेरा गुणांनी मागे. (आपण! आपण म्हणाला!) आमच्याकडे एवढ्यात लोक गाड्या काढायला लागतात. मीही उठलो. पोइट्रासने कॉलर धरून खाली बसवलं. म्हणाला, बस रे बाळा, सामना आत्ता सुरू होतोय. आणि लॉर्न, मग जे सुरू झालं! तीन संधी असल्या की थांबायला वेळच नाही. वीस सेकंदांत पुढचा डाव. आपला टचडाऊन, मग बॉल परत आपल्याकडे, मग तो लांब पास, माणूस धावत येतोय, धावत येतोय, बॉल सुटायच्या आधीपासून धावतोय...

पुढचं ऐकू आलं नाही. घसाच संपला.

डोरीनला म्हटलं, बघितलंस? दोन महिने मी पाया घातला, म्हणून काल इमारत उभी राहिली. डोरीन म्हणाली, काल तू नव्हतास. मी म्हटलं, तेच तर. पाया दिसत नसतो.

रविवार, १९ ऑगस्ट.

वेस आता मलाच नियम समजावतो. चुकल्याचा जो गुण, त्याच्याबद्दल म्हणाला, लॉर्न, उलट किती खोल गोष्ट आहे ही. समोरच्या टीमने आपल्याच हद्दीतून बॉल बाहेर काढायचा, नाही काढला तर दंड. मी ऐकून घेतलं. मध्येच थोडं सांगायला गेलो तर श्शू म्हणाला.

टेसा हल्ली सामन्याच्या दिवशी एकटीच असते असं डोरीन म्हणते. अरे मग यावं की तिनेही.

रविवार, २ सप्टेंबर.

लेबर डेचा वीकएंड. आमचे कट्टर वैरी विनिपेगवाले सामन्याला आले होते. वेसने आपल्या टीमचे कट्टर चाहते घालतात तसं अख्खं कलिंगड पोखरून डोक्यावर घातलं. मी सांगितलं नव्हतं! पहाटे उठून स्वतः पोखरलं. रस कानातून गळ्यात, गळ्यातून शर्टात. माशा घोंगावतायत. माझा नेब्रास्काचा जावई, हिरवा, चिकट, विनिपेगवाल्यांच्या आईबापांचा उद्धार करतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोइट्रासला म्हटलं, कलिंगडाचं आहे.

मग त्याला सांगूनही टाकलं की पोरं नेब्रास्काला जात नाहीत, इथेच राहणार, नक्की. तो म्हणाला, पोरीने सांगितलं? मी म्हटलं, कलिंगड बघ की.

सोमवार, १० सप्टेंबर.

तिकडचा मोसम सुरू झाला. वेसला विचारलं, परवा मॅच पाहिलीस का? तो म्हणाला, पाहिली थोडी, झोप लागली. सारखे थांबतातच. चौथी संधी बघून वाटलं, आता हे लोक अजून काय करतायत?

जिंकलो.

तळघरात दोन खोल्या काढायला घेतल्यात. पोरं आत्ता भाड्याच्या घरात आहेत, पैसे वाया. इथे येऊन राहतील. भिंती हिरव्या. डोरीन जिन्यात उभी राहून म्हणाली, लॉर्न, टेसाला विचारलंस? म्हटलं, सरप्राइज आहे. तिने जिन्यातला दिवा बंद केला. मग वर गेली.

शनिवार, २२ सप्टेंबर.

योजनेचं पहिलं फळ! संध्याकाळी वेस बॅग घेऊन दारात. म्हणाला, लॉर्न, थोडे दिवस तळघरात राहिलो तर चालेल का? म्हणजे काय, चालेलच! रंग अजून ओला होता, पण मी स्वतः गादी उतरवली. टेसा कधी येणार विचारलं. म्हणाला, ती नाही येणार. म्हणजे आधी तो राहून बघणार, मग ती. शहाणा मुलगा आहे.

जेवला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला. नव्या जागेत होतं असं.

गुरुवार, २७ सप्टेंबर.

वेस अजून खालीच. दाढी वाढवलीय. आम्ही जुने सामने बघतो. मजेत आहोत. डोरीन आमच्याशी बोलत नाही. आज टेसाच्या घरी गेली आणि लाल डोळ्यांनी परत आली. मी विचारलं, सर्दी का? ती म्हणाली, हो लॉर्न, सर्दी.

सोमवार, ८ ऑक्टोबर. थँक्सगिव्हिंग.

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

टर्की कापायला घेतली आणि टेसा आली. कोटही काढला नाही. म्हणाली, बाबा, गेल्या आठवड्यात एका माणसाची अडलेली गाय सोडवायला गेले होते. माझा हात खांद्यापर्यंत गाईत, आणि तो मला म्हणतो, अभिनंदन, तुम्ही इथेच राहणार म्हणे, पोइट्रास सांगत होता. कुणी ठरवलं हे?

मी म्हटलं, वेसने. म्हणजे, त्याची ती ऑफर...

वेस ताटात बघत राहिला. डोरीन म्हणाली, अरे देवा, लॉर्न. तुला अजून माहीत नाही?

ऑफर टेसाची आहे. पहिल्यापासून टेसाची. तिकडच्या विद्यापीठात गुरांचं मोठं रुग्णालय आहे, तिथे ऑपरेशनं करायची आणि पोरांना शिकवायची. कॉलेजात असल्यापासून हेच हवं होतं म्हणाली. मला माहीत नव्हतं. नेब्रास्काही तिनेच शोधलं, वेसच्या आईवडिलांजवळ राहता येईल म्हणून. जूनमध्ये वेस लगेच हो म्हणाला होता. ऑगस्टपासून तो नाही म्हणायला लागला. इथेच राहू, इथे मला मित्र मिळालेत, माझी सीट आहे, पुढच्या वर्षी आपली टीम भारी असेल. त्यावरून भांडणं. त्यावरून बॅग.

टेसा रडली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, जूनपासून तू याला फुटबॉलमधली एकेक गोष्ट समजावलीस, बाबा. मला एकदा तरी विचारलंस, पोरी तुझं काय चाललंय? मी आज हो कळवून आलेय. हा आला तर आला. नाही आला तर एकटी जाईन.

आणि गेली. डोरीन तिच्या मागे गेली. मी आणि वेस टर्कीसमोर बसलो. तो म्हणाला, लॉर्न, शुक्रवारी सामना आहे ना आपला?

मंगळवार, ९ ऑक्टोबर.

नवी योजना. जावयाला उलटा फितवायचा. एकदा फितवला, परत फितवता येईल. अनुभव आहे.

बुधवार, १० ऑक्टोबर.

सकाळीच तळघरात गेलो. भिंतीला रंगाचा दुसरा हात दिला. वेसला म्हटलं, मी बराच विचार केला. अमेरिकन खेळ चांगला आहे. तो उठून बसला.

म्हटलं, चार संधी असतात. चार म्हणजे बरं असतं. माणूस दोनदा चुकला तरी त्याच्या हातात काहीतरी उरतं. मैदान आटोपशीर. दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते दिसतं. खांब मागे आहे, डोकं फुटत नाही. सारखे थांबतात म्हणतोस, पण थांबलं की शेजारच्याशी दोन शब्द बोलता येतात. बायकोशी बोलता येतं. आमच्या खेळात वेळच मिळत नाही, वीस सेकंद झाले की पुढचा डाव, आणि मागे वळून बघावं तर...

ओल्या रंगाला हात टेकवून उभा राहिलो. तळवा हिरवा झाला.

वेसने पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाला, लॉर्न, तुम्ही चार डाऊनची स्तुती करताय. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, प्रकरण इतकं गंभीर आहे? मी म्हटलं, हो रे. आहे.

त्याने बॅग भरायला घेतली. मोजे मी गोळा करून दिले. दारात म्हणाला, तिने घरात घेतलं नाही तर? मी म्हटलं, बाहेर उभा राहा. थंडी वाजली तरी उभा राहा. फुटबॉलचं नाव काढू नकोस.

योजना यशस्वी. असं यश पूर्वी कधी आलं नव्हतं. जेवण गेलं नाही.

रविवार, २८ ऑक्टोबर.

गेली. दोघं ट्रकमागे ट्रेलर लावून गेली. टेसाने मला मिठी मारली, पण पाठीवर थोपटलं, जसं गुराला थोपटतात, घाबरू नको म्हणून. डोरीनने पिरोग्यांचे डबे दिले. मी द्यायला काही आणलं नव्हतं. टायरमधली हवा तपासली, दोनदा. वाटेत बर्फ लागेल म्हटलं. म्हणायचं होतं ते वेगळं होतं.

वेस खिडकीतून म्हणाला, तिकडेही लावून बघणार आहे मी सामने, लॉर्न! शेजाऱ्यांनाही बसवणार! टेसाने काच वर केली.

डोरीनला विचारलं, राग गेला असेल का तिचा? ती म्हणाली, तिलाच विचार. फोन आहे तुझ्याकडे.

रविवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळ.

पश्चिम विभागाची फायनल टीव्हीवर. आपली टीम. बाहेर उणे वीस. मोठी वाटी पॉपकॉर्न घेऊन बसलो. शेवटचा क्वार्टर, शेवटची तीन मिनिटं सुरू व्हायची, सामना कुठेही जाऊ शकतो असा, आणि फोन वाजला. टेसा.

म्हणाली, आईला दे जरा, ती फोन उचलत नाहीये. म्हटलं, ती बर्फ काढतेय, बोलावतो. मग कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, तुझं काय चाललंय? ती म्हणाली, बाबा, शेवटची तीन मिनिटं असतील ना? वेस मागे टीव्हीपुढे किंचाळतोय. नंतर बोलू. मी म्हटलं, नाही, सांग.

टीव्हीचा आवाज बंद केला आणि पाठ करून बसलो. नाहीतर मला जमलं नसतं.

तिने सांगितलं. एक गाय. पोट फिरलेलं. सहा विद्यार्थी भोवती, त्यातला एक रक्त बघून आडवा झाला, गाय मात्र उभी. मी विचारलं, उभ्या गाईचं पोट फाडतात? ती म्हणाली, हे मी तुला जूनमध्ये सांगत होते. मी म्हटलं, परत सांग. ती सांगायला लागली, कुठून चिरायचं, हात कुठवर घालायचा, आणि तिचा आवाज बदलला, मला तो आवाज ओळखीचा नव्हता. मग मागून वेसने तिला दवाखान्यातून फोन आलाय म्हणून हाक मारली. ती म्हणाली, जायला हवं बाबा. फोन बंद.

पुढे काय झालं, पोट बसलं का जागेवर, ते राहिलंच.

वळून पाहिलं तर टीव्हीवर साबणाची जाहिरात. सामना संपलेला. जिंकलो का हरलो कळेना, आणि आवाज मोठा करायला हात जाईना.

वेसचा मेसेज आला: लॉर्न!!! पाहिलंत???

मी लिहिलं, पाहिलं.

काही पाहिलं नव्हतं.